गोधड्यांचा आडोसा की प्लायची खोली?

घरच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करायचं तर आवाज सांभाळायचे दोन मार्ग. पहिला जवळजवळ फुकटचा: गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर टांगलेल्या जाड गोधड्या. पाठीमागे का? कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, म्हणजे गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज नेमका त्याच्यात शिरतो. गोधडी भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा, जास्त शोषते. टाळी वाजवून बघा, खोलीचा घुमारा गेलेला लगेच कळतो. पण शेजारच्या कुकरची शिट्टी? ती येणारच.

ती अडवायला वजन लागतं, तिथे प्लायची खोली सरस: दुहेरी भिंत, मध्ये पोकळी, पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर). मात्र एकाच भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फायदा जेमतेम ६ डेसिबलचा, म्हणून खर्च भराभर चढतो. दाराखाली बोटभर फट राहिली की सगळी मेहनत वाया. आणि फट बुजवली की मे महिन्यात तिसऱ्या तानेलाच घाम. पंखा लावावा तर तोही माईकमध्ये गातो. (अंड्यांचे ट्रे कुठेच चिकटवू नका, त्यांनी आवाज अडत नाही.)

मी गोधड्यांच्या बाजूने. दुपारी तीनला, कुकर थंडावले की टेक घ्यायचा, म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचं. ढोलकी वाजवायची असेल तर मात्र प्लायवालाच गाठा.