नॅप्स-टू : कागदपत्रे स्कॅन करण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या कार्यालयात जुनी कागदपत्रे स्कॅन करण्यासाठी वर्षभर ‘नॅप्स-टू’ वापरल्यानंतर ते मी निःसंकोच सुचवतो. सुरुवातीला स्कॅनर यादीत दिसत असूनही काम मध्येच थांबत असे. प्रोफाइलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या जतन केलेल्या सेटिंगमध्ये, डब्ल्यूआयएऐवजी ट्वेन हा ड्रायव्हर (स्कॅनर संगणकाशी जोडणारा प्रोग्राम) निवडला आणि कागदाचा स्रोत काचेऐवजी डुप्लेक्स (कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन करणारा फीडर) केला, तेव्हा दोन्ही बाजू सलग येऊ लागल्या. पीडीएफमधील मराठी मजकूर शोधता यावा यासाठी ओसीआरची (प्रतिमेतील अक्षरे ओळखून मजकूर बनवणाऱ्या सुविधेची) मराठी भाषा वेगळी डाउनलोड करावी आणि रिझोल्यूशन ३०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) ठेवावे. त्याहून कमी ठेवल्यास जोडाक्षरे फार चुकतात. जुन्या मोडी लिपीतील कागदांची मात्र, ती लिपी ओसीआरला वाचता येत नसल्याने, केवळ प्रतिमाच जपता येते, आणि कोल्हापुरातील अनेक जुन्या घरांत असे कागद असल्याने ही उणीव मला खरोखर सलते.