बार्बेडोसमध्ये महिन्याच्या बोलीवर घेतलेली भाड्याची गाडी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

कामानिमित्त बार्बेडोसला आहे. आल्यापासून लहान ऑटोमॅटिक हॅचबॅक भाड्याने घेऊन रोज चालवतो. इथे येणाऱ्यांना एकच सांगेन, मोठ्या गाडीच्या मोहात पडू नका. इथला मुख्य एबीसी हायवे रुंद आहे, तिथे ताशी 80 किमीपर्यंत जाता येतं. तो सोडून आत वळलात की समोरून बस आल्यावर कुणाला तरी कडेला घ्यावंच लागतं.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हात लगेच बसतो. परवाना असला तरी इथलं व्हिजिटर परमिट काढावं लागतं. हायवेवरच्या चौकांना सोबर्स, वीक्स अशा इथल्या क्रिकेटपटूंची नावं आहेत. आपल्यासारख्या क्रिकेटवेड्यांना रस्ता पाठ व्हायला तेवढं पुरे!

खरी कसोटी उसाची. ऊस वाढला की गावाकडच्या वळणांवर पलीकडचं काहीच दिसत नाही. काचा खाली करायच्या, हॉर्न द्यायचा, कान देऊन बॉनेट हळूहळू पुढे काढायचं. तोडणी झाली की त्याच वळणावर लांबवरचा रस्ता दिसतो.

पूर्व किनाऱ्यावरच्या बाथशेबा गावाकडे उतरताना ऑटोमॅटिक गाडीही 'एल'वर (लो गिअरवर) टाका, नुसत्या ब्रेकवर राहू नका. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, पण पूर्वेकडच्या स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमध्ये तो थर झिजून गेलाय. खालची माती पावसात सरकते, म्हणून तिथले रस्ते खचतात, भेगाळतात. पावसानंतर खड्डा पाण्याने भरला असेल तर खोली कळत नाही, चाक त्यात घालूच नका.

झेडआर व्हॅनवाले (इथल्या खासगी प्रवासी व्हॅन, नंबर 'झेडआर'ने सुरू होतो) प्रवासी दिसला की जागच्या जागी थांबतात, मागे अंतर ठेवा. बाकी लोक फार समजूतदार आहेत. भाड्याच्या गाडीचा नंबर 'एच'ने सुरू होतो, तो पाहून वाट देतात. वाट मिळाली की हॉर्न हलकेच वाजवायचा, तोच इथला धन्यवाद. मला ही रीत मनापासून आवडली.

करार मात्र नीट वाचा. माझ्या करारात टायर आणि गाडीचा खालचा भाग विम्याबाहेर होता, आणि इथे मार बसतो तो नेमका तिथेच. भाडं अमेरिकन डॉलरमध्ये सांगतायत की स्थानिक, तेही आधी विचारा. एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बेडोस डॉलर, म्हणजे चूक झाली तर थेट दुप्पट. रोजच्या दरापेक्षा महिन्याचा दर ठरवून घेतला तर बराच कमी पडतो.

मी हीच गाडी पुढे ठेवतोय. फक्त पावसाळ्याआधी मागचे दोन्ही टायर बदलून द्या, असं मालकाला सांगितलंय.