लिपिड प्रोफाइलची घरपोच तपासणी: आकडे चोख, 'सामान्य'चा शिक्का फसवा

घरी येऊन रक्ताचा नमुना नेणाऱ्या एका प्रयोगशाळेकडून नुकतीच लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर मेदांची तपासणी, करून घेतली. कर्मचारी वेळेवर आला, एकाच टोचणीत काम झाले आणि अहवाल त्याच संध्याकाळी मिळाला. सेवेच्या या बाजूविषयी तक्रार नाही. आक्षेप आहे तो अहवालाच्या मांडणीवर.

माझे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 118 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आले आणि 130 ही मर्यादा धरून त्यापुढे 'सामान्य' असे छापले गेले. निरोगी माणसाच्या बाबतीत हे चालून जाईल. परंतु ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याचे एलडीएल 70 च्या खाली, अनेकदा त्याहूनही कमी ठेवण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो आणि अशा रुग्णाच्या हातीही हाच हिरवा शिक्का पडणार. वय, मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब यांपैकी काहीही न विचारता पहिल्या पानावर हसऱ्या हृदयाचे चित्र छापण्याचे धाडस कशाच्या बळावर केले जाते, हे समजत नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. येथे एलडीएल थेट मोजलेले नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) पूर्ण आणि ट्रायग्लिसराइड्सचा (रक्तातील दुसऱ्या एका मेदाचा) पाचवा हिस्सा वजा करून, म्हणजे 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्राने, ते काढलेले आहे. एरवी ही पद्धत पुरेशी असली, तरी ट्रायग्लिसराइड्स 400 च्या वर गेल्यास तिच्यावर विसंबता येत नाही, आणि ही सूचना आकड्याच्या शेजारीच हवी होती.

खरी उपयुक्त सोय मात्र अ‍ॅपमध्ये आहे: जुन्या अहवालांतील एलडीएलचा आलेख. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तरातून भिंतीत शिरून अडकतात, त्यांना गिळणाऱ्या पेशी मेदाने फुगतात आणि वर्षानुवर्षे तेथे थर साचत जातो. अशा थराचे आवरण फाटून रक्ताची गुठळी झाली व तिने हृदयाची धमनी बंद केली की झटका येतो. म्हणूनच आजच्या आकड्याइतकेच तो किती वर्षे चढा राहिला, यालाही महत्त्व आहे आणि ते या आलेखात एका नजरेत दिसते. जुने अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेचे असले तरी त्यातील आकडे हाताने भरता येतात. डॉक्टरांकडे जाताना मी पहिले पान घरी ठेवून हा आलेखच नेला.