पगारवाढ मागताना: कामाचा हिशेब की हातातलं ऑफर लेटर?

हिंजवडी-खराडीकडच्या कंपनीत तीन-चार वर्षं काढलेल्या माणसापुढे पगारवाढीचे दोनच खरे रस्ते असतात. एक, वर्षभराच्या कामाचा हिशेब मॅनेजरपुढे मांडायचा. दुसरा, बाहेरून ऑफर आणून टेबलावर ठेवायची. (‘काम बघून साहेब कधीतरी स्वतःहून वाढवतील’ हा तिसरा रस्ता नव्हे, तो नवस.) चाकणच्या युनियन असलेल्या कारखान्यातल्या कायम कामगाराला हा घोर नसतो, त्याची वाढ करारात ठरते. आपल्याला मात्र एकट्यानेच तोंड उघडावं लागतं. सोळा वर्षांत मी दोन्ही करून पाहिलंय, आणि टीम सांभाळायला लागल्यापासून टेबलाच्या पलीकडे बसून दोन्ही ऐकलंयही.

हिशेबाचा रस्ता बहुतेकांचा फसतो तो वेळेवर. नवा पगार एप्रिलपासून लागू होतो, पत्र मे-जूनमध्ये हातात पडतं, म्हणून लोक मार्चच्या अप्रेझलमध्ये विषय काढतात. पण टीमच्या वाट्याचे पैसे तोवर वर ठरून गेलेले असतात. मॅनेजर कळवळून ऐकतो, मान हलवतो, पण तुम्हाला जास्त द्यायचं तर त्याला शेजारच्याच्या ताटातलं काढावं लागतं. मागायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात मागा. आणि घराचा हप्ता, मुलीची फी हे सांगू नका. ते सगळ्यांनाच असतं. ‘मी खूप मेहनत घेतो’ हेही नको. ‘रात्री चालणारा प्रोग्रॅम सहा तासांत संपायचा, तो दोन तासांवर आणला’ हे सांगा, आणि अर्ध्या पानाच्या मेलमध्ये लिहूनही द्या. कारण तुमची वकिली पुढे वरच्या मजल्यावर मॅनेजरला करायची असते, आणि तिथे त्याच्याजवळ तुमचा तो मेलच असतो.

या रस्त्याची मर्यादाही उघड आहे. बॅंड, म्हणजे तुमच्या पदाच्या पगाराची मर्यादा, ठरलेला, टक्केवारी ठरलेली. फार तर इतरांपेक्षा थोडं जास्त मिळेल. तुमचा पगार बाजारभावाच्या खूप मागे राहिला असेल तर ती दरी अशी भरत नाही.

ती भरते ऑफर लेटरने. माणूस थांबवायचे पैसे बऱ्याचदा वेगळ्या थैलीतून येतात, त्यामुळे मार्चमध्ये ‘बजेट नाही’ म्हणणारी कंपनी जूनमध्ये आठवड्याभरात घसघशीत वाढ काढून देते. मीही एकदा अशी घेतली. त्या वर्षी बरं वाटलं. पुढच्या एप्रिलला वाढ जवळपास शून्य, कारण काय, तर ‘आत्ताच तर दिलं’. त्याहून बोचलं ते दुसरंच. मोठ्या, दोन वर्षांच्या कामाला माणसं निवडताना माझं नाव मागे पडलं. ‘हा काय, जाणाराच’ असं ठरून गेलं होतं. आता पलीकडच्या खुर्चीतून पाहिल्यावर कबूल करतो, मीही एकाच्या बाबतीत नेमकं हेच केलं.

शिवाय कधीकधी समोरून नुसतं ‘शुभेच्छा’ येतं. मग 90 दिवसांची नोटीस सुरू होते आणि जायचं नसलं तरी जावं लागतं. म्हणून खरंच जायची तयारी असेल तरच पत्र दाखवा. नुसतं घाबरवायला आणलेलं पत्र मॅनेजरला पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

जुन्या-नव्या पगाराचे दोन आकडे शेजारी ठेवताना एक काळजी घ्या: सीटीसीची (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) तुलना सीटीसीशी करून भागत नाही. समजा 10 लाखांचे 11 झाले. वरवर महिन्याला 8,333 रुपये. पण त्यात 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग), आणि मूळ पगार सीटीसीच्या 40 टक्के धरून त्यावर दोन्ही बाजूंचा 12-12 टक्के पीएफ आणि 4.81 टक्के ग्रॅच्युइटी कापली, तर हातात साधारण 6,500 वाढतात. पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. व्हेरिएबलचं मात्र कुणी सांगावं. ग्रॅच्युइटीचंही तसंच. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं भरल्यावर हक्काची होते. मूळ पगार 40,000 असेल तर पाच वर्षांचे सुमारे 1,15,000 होतात. साडेचार वर्षांवर उडी मारणाऱ्याने नव्या कंपनीकडून तेवढा जॉइनिंग बोनस तरी मागावा.

माझं मत विचाराल तर पगार बाजारापेक्षा थोडाच मागे असेल आणि काम आवडत असेल, तर डिसेंबरातला हिशेब. फारच मागे असेल तर ऑफर, आणि मग काउंटर (थांबवायला जुनी कंपनी देऊ करते ती वाढ) न घेता सरळ निघा.

दोन्ही रस्त्यांवर एक खड्डा सारखाच आहे. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर शून्य आहे. त्याच्या किंचित वर गेलात की वाढलेले सगळे पैसे करात जातात. नेमक्या 12.75 लाखांवर 60,000 वाढले, तर कर 60,000 आणि वर 4 टक्के सेस, म्हणजे 62,400. पगार वाढून वर 2,400 खिशातून! साधारण 13.45 लाख ओलांडेपर्यंत ही गत. या पट्ट्यात असाल तर वाढ रोखीत न घेता कंपनीकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) टाकून मागा. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत त्यावर कर नाही. पैसा निवृत्तीपर्यंत बराचसा अडकतो, हे खरं. नव्या कंपनीत रुजू होण्याआधी एचआर पगाराची अशी मांडणी सहज करून देते. जुन्या ठिकाणी त्याचा फॉर्म बहुधा एप्रिलमध्येच निघतो, तेव्हा डिसेंबरातल्या त्या मेलमध्येच ही ओळ टाकून ठेवा.