फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी डक्टचं इन्सुलेशन मोजून घ्या

जूनमध्ये पाऊस नीट लागला की फॉल्स सीलिंगवर चहाच्या रंगाचे डाग उमटायला लागतात आणि बहुतेक जण वरच्या मजल्याच्या बाथरूमला दोष देऊन मोकळे होतात. वॉटरप्रूफिंगवाला येतो, टाइल्स फुटतात, पैसे जातात, डाग तसेच. वर डक्टचा एसी, म्हणजे पत्र्याच्या चौकोनी नळातून थंड हवा नेणारा, असेल तर डाग त्या थंड पत्र्याला सुटलेल्या घामाचे असू शकतात, म्हणून आधी मेजरिंग टेप घ्या आणि डागांमधलं अंतर मोजा. डक्टचा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा १२२० मिमी रुंद येतो, म्हणून डक्टचा जोड साधारण दर चार फुटांवर पडतो. डागही चार-चार फुटांवर असतील तर फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या कडेवर, इन्सुलेशन (उष्णता अडवणारं आवरण) नाही. सहा-आठ फुटांवर असतील तर डक्ट लटकवणाऱ्या हँगरखालच्या लोखंडी अँगलने इन्सुलेशन दाबून चपटं केलंय. आणि डक्टच्या रुंदीइतका सलग पट्टा ओला असेल, तर वरची बाजू उघडीच सोडली आहे असं धरून चाला.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या नर्सिंग होममध्ये हा तिसरा प्रकार निघाला. डक्ट ९०० बाय ४०० मिमीचा, लांबी ४० मीटर. ऑर्डरमध्ये २५ मिमी नायट्राइल रबर (इन्सुलेशनचं काळं, फोमसारखं रबर), चारही बाजूंनी. बिल १०४ चौरस मीटरचं, आणि गणित बरोबरच होतं: घेर २.६ मीटर गुणिले ४०. जिप्सम बोर्डाची एक फळी उतरवून आरसा आणि टॉर्च वर धरली तेव्हा डक्ट आणि स्लॅब यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट दिसली. त्या फटीत पत्रा चकचकीत उघडा, त्यावर थेंबांची रांग, आणि कडेने ओघळून आलेलं पाणी खालच्या रबराच्या मागे शिरलेलं. म्हणजे ३६ चौरस मीटर इन्सुलेशन कधी लागलंच नव्हतं. जे लागलं होतं त्याचा तुकडा कापून मोजला तर १३ मिमी.

ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं होतं: तुम्ही एसी १८ वर ठेवता म्हणून घाम येतो, पहिल्या पावसात थोडं व्हायचंच. हे उत्तर मान्य करू नका. डक्टमधली हवा १३ अंशांच्या आसपास असणं हे एसीचं रोजचं काम आहे, थर्मोस्टॅट १८ वर असो की २४ वर. पावसाळ्यात फॉल्स सीलिंगच्या पोकळीत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता सहज असते. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन सुटते ते, २७.२ अंश. इन्सुलेशनची बाहेरची त्वचा त्याच्या खाली गेली की पाणी सुटणारच. नायट्राइल रबराची उष्णतावाहकता (उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा) ०.०३५ धरून हिशेब केला तर १३ मिमीवर बाहेरचं तापमान पावणेसव्वीसच्या आसपास येतं, म्हणजे घाम. २२ मिमीच्या आसपास ते दवबिंदूवर येतं. म्हणून २५ मिमी. १९ मिमी पुण्यात किंवा नागपुरात चालून जाईल, कोकणपट्टीत आणि गोव्यात ते कडेलोटावर आहे. आणखी एक गोष्ट भल्या-भल्यांच्या लक्षात येत नाही: वरून चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल असेल तर जास्त जाडी लागते, कमी नाही. चमकदार पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता कमी घेतो, त्यामुळे तो काळ्या रबरापेक्षा थंड राहतो आणि लवकर घामेजतो. ‘फॉइल आहे साहेब, १३ मिमी पुरेल’ असं कोणी म्हणालं तर तो एक तर शिकलेला नाही, किंवा तुम्हाला गंडवतोय.

वरची बाजू उघडी का राहते? कारण डक्ट आधी लटकवतात आणि इन्सुलेशनवाला मागून येतो. तोवर हात शिरायला जागा नसते. डक्ट स्लॅबला इतका चिकटून जाणार असेल तर प्रत्येक तुकडा खाली जमिनीवर गुंडाळून मगच वर चढवायचा, फक्त जोडाजवळचा पट्टा मोकळा ठेवायचा. हे ठेकेदाराला माहीत असतं. पण डक्टवाला आणि इन्सुलेशनवाला दोन वेगळे लेबर ठेकेदार असतात, दोघांना एकाच दिवशी आणायचं तर दाम वाढतो.

इन्सुलेशनखाली आणखी एक चोरी लपते, ती पत्र्याची. आयएस ६५५ या डक्टच्या भारतीय मानकाप्रमाणे मोठी बाजू ७५० मिमीपर्यंत असेल तर २४ गेज म्हणजे ०.६३ मिमी पत्रा, ७५१ ते १५०० पर्यंत २२ गेज म्हणजे ०.८० मिमी. ९०० च्या डक्टला २४ गेज लावला तर पत्र्याचं वजन दर चौरस मीटरला ६.२८ किलोवरून ४.९५ किलोवर येतं. पाचवा हिस्सा लोखंड गायब. रबर चिकटलं की हे कोणालाच दिसत नाही, फक्त पंखा सुरू होताना डक्ट ‘धडाम’ करून फुगतो आणि जोड सैल व्हायला लागतात. म्हणून इन्सुलेशनला हात लावू देण्याआधी दोन कामं उरकून घ्या: मायक्रोमीटरने दहा-बारा जागी पत्रा मोजणं, आणि पंखा चालू करून धूर सोडून गळती बघणं. गळका जोड रबराखाली गेला तर थंड हवा रबराच्या पाठीमागून फिरते आणि चिकटवलेलं सगळं सुटतं.

आता मालाची अदलाबदल. नमुना म्हणून टेबलावर ठेवलेला तुकडा उत्तम कंपनीचा असतो, साइटवर उतरतो तो वेगळाच. सगळ्यात वाईट म्हणजे पॅकिंगचा पांढरा किंवा करडा फोम, वर फॉइल चिकटवलेला. तो ‘क्रॉसलिंक’ (इन्सुलेशनसाठीचा पक्का पॉलिथिलीन फोम) म्हणून, कधी कधी थेट नायट्राइल म्हणून खपवतात. अंगठ्याने दाबून बघा: चांगलं नायट्राइल दाबल्यावर लगेच वर येतं, पॅकिंगचा फोम कुरकुरतो आणि खळगा धरून राहतो. बोटभर तुकडा पक्कडीत धरून पेटवलात तर पॉलिथिलीनचा फोम मेणबत्तीसारख्या वासाने वितळून पेटते थेंब टाकतो. चांगलं नायट्राइल काळं पडून करपतं आणि ज्योत काढली की विझतं. हा प्रयोग मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून करा, साइटवर कधीच नाही.

घनता तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा आणि ३० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा कापा. २५ मिमी जाडीच्या आणि घनमीटरला ५० किलो घनतेच्या नायट्राइलचा असा तुकडा साधारण ११० ग्रॅम भरतो, १९ मिमीचा ८५. ग्लासवूलमध्ये, म्हणजे काचतंतूंच्या कापसात, फसवणूक जास्त मोठी: ५० मिमी जाडीचं ४८ किलो घनतेचं असेल तर फॉइल सोडून २१६ ग्रॅम, आणि २४ किलोचं असेल तर १०८. दिसायला दोन्ही पिवळी, दोन्हींवर तीच फॉइल. रोल उलगडतानाच वजन करायचं, आणि एका रोलचं करून थांबायचं नाही. वरचे दोन रोल खरे आणि खालचे दहा हलके, ही जुनी चाल आहे.

लागलेली जाडी तपासायला गोधडी शिवायची लांब सुई पुरते. सुईवर रबराचा छोटा तुकडा ओवा, सुई पत्र्याला लागेपर्यंत टोचा, तुकडा पृष्ठभागावर टेकवा, सुई बाहेर काढून पट्टीवर लांबी वाचा. कोपऱ्यांवर जरूर टोचा, कारण शीट ओढून-ताणून बसवली की कोपऱ्यात २५ चे १६-१७ होतात. भोक सोल्यूशनचा (रबर चिकटवायच्या गोंदाचा) थेंब लावून लगेच बंद करायचं. सोल्यूशनमध्येही पैसे वाचवतात: फक्त कडांना आणि मध्ये चार ठिपके. शीटवर तळहाताने थापटा, पोकळ आवाज आला की तिथे हवा आहे. बरोबर पद्धत म्हणजे पत्रा आणि रबर दोन्हींना पूर्ण लेप, हाताला चिकटणार नाही इतपत वाळू द्यायचं, मग दाबायचं. शीट पाच मिमी जादा कापून जोड एकमेकांवर दाबून चिकटवायचा. नुसत्या टेपवर टिकलेला जोड दोन पावसाळे काढत नाही.

आता इन्स्पेक्टरच्या नावाने होणारी फसवणूक. तिथे पैसे मोठे जातात आणि पुढे धोकाही मोठा असतो.

‘फायर एनओसीचं (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याचं) आम्ही बघतो’ म्हणत कोटेशनमध्ये एक ठोक रक्कम घातलेली असते. त्या बदल्यात हाती येतं ते डक्टवाल्याच्या लेटरहेडवरचं एक पत्र. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली फॉर्म ए (आगीची यंत्रणा बसवल्याचा) आणि दर जानेवारी-जुलैत द्यायचा फॉर्म बी (ती सुस्थितीत असल्याचा) हे दाखले लायसन्सधारक एजन्सीच देऊ शकते, आणि जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर राहते. लेटरहेडवरच्या पत्राला तिथे काही किंमत नाही.

दुसरा कागद म्हणजे टेस्ट रिपोर्ट. ‘क्लास ओ’ (आग सहज पसरू न देण्याचा दर्जा) असं ठळक छापलेलं असतं. बीएस ४७६ या आगीच्या चाचण्यांच्या ब्रिटिश मानकाचे भाग ६ आणि भाग ७ असे दोन्ही रिपोर्ट असले तरच क्लास ओ म्हणता येतं. नेहमी फक्त भाग ७ चा दाखवतात. रिपोर्टवर जाडी, ब्रँड आणि तारीख वाचा. नऊ मिमीचा रिपोर्ट तुमच्या २५ मिमीला लागू होत नाही. आणि क्लास ओ म्हणजे ‘न जळणारं’ नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेचा आगीसंबंधीचा भाग डक्टच्या इन्सुलेशनला न जळणारं साहित्य मागतो, आणि ग्लासवूल जळणाऱ्या कशाने गुंडाळू किंवा बांधू नका असं स्पष्ट सांगतो. त्यामुळे ग्लासवूलवर पॉलिथिनचा कागद आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसल्या की काम थांबवा. नायट्राइल चालेल की नाही हे तुमच्या इमारतीच्या मंजूर फायर आराखड्यावरून ऑर्डर देण्याआधी लेखी ठरवून घ्या, ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर नाही. ऑपरेशन थिएटरच्या डक्टमध्ये हीटर असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना मीटरभर ग्लासवूलच हवं. डक्ट जिथे फायर वॉलमधून जातो तिथे फायर डॅम्पर (आग लागली की बंद होणारी झडप) असतो. त्याच्या भोवतीची फट पॅकिंग फोमने बुजवून वर प्लास्टर फिरवलेलं अनेकदा सापडतं. तिथे फट बुजवायला भिंतीइतकीच आग झेलणारं साहित्य लागतं.

तिसरी युक्ती ऊर्जा संहितेची. ईसीबीसी २०१७ ही ऊर्जा बचतीची संहिता व्यापारी इमारतींसाठी आहे, १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणीपासून पुढे. चार खोल्यांच्या दवाखान्याला ‘ईसीबीसीची सक्ती आहे’ सांगून महागडं पॅकेज गळ्यात मारतात, आणि जिथे ती खरोखर लागू आहे त्या मोठ्या हॉलला ‘तुम्हाला गरज नाही’ म्हणतात. आकडे लक्षात ठेवा: थंड न केलेल्या पोकळीतून जाणाऱ्या सप्लाय (थंड हवा नेणाऱ्या) डक्टला आर, म्हणजे उष्णता अडवण्याचा आकडा, ०.६, उघड्यावरच्या सप्लायला १.४ आणि उघड्यावरच्या रिटर्नला (हवा परत आणणाऱ्या डक्टला) ०.६. जाडी मीटरमध्ये घेऊन उष्णतावाहकतेने भागा. १९ मिमी भागिले ०.०३५ म्हणजे ०.५४, नापास. २५ मिमी म्हणजे ०.७१, पास. गच्चीवरच्या सप्लायला १.४ गाठायला ५० मिमीच लागतं, आणि त्यावर ॲल्युमिनियम पत्रा, रंगवलेलं कॅनव्हास किंवा प्लॅस्टिकचं आवरण. उघडं काळं रबर उन्हात तडकतं.

‘इन्स्पेक्टर पास करून गेले’ या वाक्यावर बिल सोडू नका. येणारा अधिकारी आगीच्या व्यवस्था बघतो. तुमचं रबर कापून २५ भरतं का हे तो मोजत बसत नाही. ते मोजणं तुमचंच काम आहे.

ऑर्डरमध्ये हे शब्द घाला: साहित्य, ब्रँड, घनता, जाडी, चारही बाजू, फ्लँज, कॉलर, डॅम्पर आणि ग्रिलमागचा प्लेनम (हवेचा डबा) धरून, फ्लँजवर त्याच जाडीचा किमान १०० मिमी रुंद पट्टा, हँगरच्या अँगलवर लाकडाचा किंवा कडक फोमचा ठोकळा, मोजमाप डक्टच्या पत्र्याच्या घेरावर. शेवटचं विसरू नका. ६०० बाय ३०० च्या डक्टचा घेर १.८ मीटर असतो, २५ मिमी रबराच्या बाहेरून तो २.० होतो, आणि काहीही न सांगता बिल अकरा टक्के वाढतं. इन्सुलेशनचं बिल फॉल्स सीलिंगच्या फळ्या चढण्याआधी मोजून, फोटो काढून, दोघांच्या सह्यांनी नक्की करा. दहा टक्के रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत मागे ठेवा, म्हणजे एक पूर्ण पावसाळा जाईल.

आधीच फसला असाल तर दुरुस्तीआधी पुरावा गोळा करा. वेगवेगळ्या सहा जागी १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापा, प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहा, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, ठेकेदाराला लेखी बोलावून त्याच्यासमोर मोजा. तो आला नाही तर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. घरच्या डक्टेबल एसीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. व्यापारी वापराच्या कामाला ग्राहक कायद्याचा आधार मिळणं कठीण, तिथे करारावर दिवाणी दावा हाच मार्ग. म्हणूनच ऑर्डरमधल्या शब्दांना इतकं महत्त्व.

दुरुस्तीला तोच किंवा दुसरा ठेकेदार ‘वरून अजून एक थर मारतो’ म्हणेल. ओल्या ग्लासवूलवर तर तो अजिबात मारू देऊ नका: आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, पत्रा आतून गंजतो. भिजलेला भाग पत्र्यापर्यंत सोलून काढा, गंज घासून झिंकचा प्राइमर लावा, आणि एसी किमान एक दिवस बंद ठेवून पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावरच नवं रबर चिकटवा. थंड, दमट पत्र्यावर सोल्यूशन धरत नाही. हे काम पावसाळ्यात करण्यापेक्षा नोव्हेंबरपर्यंत थांबलेलं बरं, तोवर डाग पडलेल्या फळ्या काढून ठेवा.