नावेचे इंजिन गोठू नये म्हणून विकला जाणारा संच: कृष्णाकाठी वापरून पाहिल्यावर

हिवाळ्यात नावेच्या इंजिनातील पाणी गोठून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, फुटू नये, यासाठी थंड देशांत जो संच विकला जातो, तो चिकोडी तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावाने मागवावा, याचे कोणालाही नवल वाटेल. बेळगाव परिसरात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास आला, तरी त्याची बातमी होते. पाणी गोठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या मंडळाने हा संच घेतला तो गाळासाठी. पुराच्या दिवसांत मदतीची नाव गढूळ पाण्यात चालते, इंजिन तेच पाणी ओढून स्वतःला थंड करते, आणि नाव काठावर आल्यानंतर इंजिन स्वच्छ पाण्याने आतून धुतले नाही, तर तो गाळ पाण्याच्या वाटांमध्ये सुकून बसतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत ज्यांनी नावा चालवल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. संचाचा मूळ उपयोग तपासण्याची वेळ आली ती माझ्या चुलतभावामुळे. तो कॅनडात एका तळ्याकाठी राहतो, ऑक्टोबर संपेपर्यंत नाव पाण्यात ठेवतो, आणि हाच संच घ्यावा का, हे त्याला माझ्याकडून हवे होते.

संचात साधारण वीस लिटरची प्लास्टिकची टाकी, तिच्या तळाशी तोटी, एक जाड पारदर्शक नळी आणि नळीच्या टोकाला दोन रबरी कप असतात. हे कप आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाच्या खालच्या भागातील पाणी ओढण्याच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे बसवायचे, टाकी इंजिनापेक्षा उंचावर ठेवायची, तोटी उघडायची, आणि मगच इंजिन न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर सुरू करायचे. हा क्रम उलटा होता कामा नये, कारण पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे फिरते चक्र, पाण्यावाचून काही क्षणांतच घासून जळू लागतो. टाकीची बांधणी चांगली आहे. तोटी गळत नाही, आणि नळी पारदर्शक असल्यामुळे पाणी ओढले जात आहे की हवा, हे डोळ्यांना दिसते. साध्या बागेच्या नळीत ही सोय नसते.

गाळ धुण्याच्या कामात संचाने निराश केले नाही, पण फार काही अधिकही दिले नाही. वीस लिटर पाणी इंजिन पाहता पाहता पिऊन टाकते, आणि नितळ पाणी बाहेर येईपर्यंत टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. घराजवळ नळ असेल, तर नुसते रबरी कप आणि नळी पुरेशी आहे. टाकीची गरज नाही. उलट नदीकाठी, जिथे नळ नाही आणि बॅरलमधून पाणी आणावे लागते, तिथे उंचावर ठेवलेली टाकी उपयोगी पडते. आयात शुल्क आणि वाहतूक धरून जी किंमत पडते, ती केवळ या सोयीसाठी मोजावी असे मला वाटत नाही.

आता मूळ कामाविषयी. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. ब्लॉकच्या पोकळीत अडकलेले पाणी गोठले की ते भिंतींना आतून रेटते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्यांमध्ये ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही: ओतीव लोखंड दाब मुकाट सोसते, ताण मात्र सोसत नाही, आणि येथे भिंतीवर येतो तो ताणच. तडा बहुधा बाहेरून दिसतही नाही. वसंतात इंजिन सुरू केल्यावर ऑइल दुधाळ होते, तेव्हा कळते. म्हणून तिकडे हिवाळ्यापूर्वी एकतर इंजिनातील पाणी पूर्ण काढून टाकतात, किंवा त्याच्या जागी गोठणरोधक द्रव भरतात. हा संच दुसऱ्या मार्गासाठी आहे: टाकीत पाण्याऐवजी द्रव भरायचा आणि इंजिनाला तो ओढू द्यायचा.

संचाची खरी उणीव येथेच आहे, आणि पेटीवरील चित्रांमध्ये ती कुठेही दिसत नाही. थंड इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेने उघडणारी झडप, बंद असतो. नदी-तळ्याच्या पाण्यावर थंड होणाऱ्या अनेक इंजिनांत तो साधारण 60 अंश सेल्सियसच्या आसपास उघडतो. तो बंद असताना टाकीतील द्रव ब्लॉकला वळसा घालून थेट एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडतो, मागून रंगीत धार येताना दिसते, माणूस समाधानाने इंजिन बंद करतो, आणि ब्लॉकमध्ये मात्र तळ्याचे साधे पाणी तसेच राहते. त्यामुळे आधी साध्या पाण्यावर इंजिन पुरते तापवावे, थर्मोस्टॅट उघडल्याची खात्री करावी, आणि नंतरच द्रवाची तोटी उघडावी. वीस लिटरच्या एकाच टाकीने ही दोन्ही कामे होत नाहीत. साध्या पाण्याची वेगळी सोय लागते. शिवाय ब्लॉकमध्ये उरलेले पाणी नव्या द्रवात मिसळून त्याला पातळ करते, ते वेगळेच.

पातळ होणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी चिकोडीतील एका परिचिताच्या दूध-आइस्क्रीमच्या दुकानातील डीप फ्रीझर वापरला, ज्याचे तापमान उणे 18 अंशांवर लावलेले असते. गोठणरोधक म्हणून वापरले जाणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात घेतलेली बाटली रात्रभर ठेवूनही द्रवच राहिली, आणि ते अपेक्षितच होते, कारण हे मिश्रण उणे तीस अंशांच्याही खाली गोठते. एक भाग ग्लायकॉल आणि तीन भाग पाणी असलेल्या बाटलीत मात्र बर्फाचा रबडा झाला होता. म्हणजे डब्यातील द्रव कितीही उत्तम असला, तरी ब्लॉकमध्ये पोहोचल्यावर त्याची ताकद किती उरते, यावर सारे अवलंबून आहे. उत्तर अमेरिकेत या कामासाठी जो गुलाबी तयार द्रव मिळतो, त्याच्या डब्यावर उणे 50 असा आकडा ठळक छापलेला असतो. तो फॅरनहाइटमध्ये आहे, म्हणजे सुमारे उणे 46 सेल्सियस. आणि तोही नळ न फुटण्याचा आकडा आहे, न गोठण्याचा नव्हे. त्या द्रवात बर्फाचे कण त्यापेक्षा कितीतरी आधी दिसू लागतात. हे ठाऊक नसताना त्यात आणखी पाणी मिसळणे धोक्याचे आहे.

आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी मिळणारे कूलंट या संचात वापरण्याचा मोह कोणालाही होईल, कारण ते प्रत्येक स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. ते बहुतांशी इथिलीन ग्लायकॉलचे असते. गोठण्याच्या बाबतीत त्यात काही उणे नाही. पाण्यात निम्मे मिसळले की ते सुमारे उणे 37 अंशांपर्यंत टिकते. पण ते विषारी आहे, चवीला गोड असल्यामुळे कुत्रीमांजरे चाटतात, आणि या संचातून गेलेला प्रत्येक थेंब शेवटी इंजिनाबाहेर जमिनीवर किंवा पाण्यात पडतो. ट्रॅक्टरच्या बंदिस्त रेडिएटरमध्ये ते योग्य आहे, उघड्या वाटेच्या नावेत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल तुलनेने निरुपद्रवी असले, तरी कुजताना तेही पाण्यातील प्राणवायू खाते, त्यामुळे बाहेर पडणारे सारे बादलीत धरावे. हिडकलसारख्या जलाशयावर ज्यांची मासेमारी चालते, त्यांना हे लगेच पटेल.

भावाला मी जे कळवले ते असे. त्याचे इंजिन आउटबोर्ड असेल, तर संच घेऊ नये. आउटबोर्ड सरळ उभे ठेवले की त्यातील पाणी आपोआप उतरते; ट्रेलरवर तिरके करून ठेवले, तरच ते खाली अडकते. तिथे जपायचे असते ते गिअरचे ऑइल. सीलमधून पाणी शिरून ऑइल दुधाळ झाले असेल, तर तेच पाणी थंडीत खालचे कवच फोडते, आणि त्यावर कोणत्याही टाकीचा इलाज चालत नाही. नावेच्या पोटात बसवलेले, तळ्याच्या पाण्यावर थंड होणारे इंजिन असेल, तर ब्लॉकचे आणि मॅनिफोल्डचे (ब्लॉकला जोडलेल्या धुराच्या नळकांड्याचे) ड्रेन प्लग काढून पाणी उतरवणे हा पहिला उपाय, आणि संचातून द्रव देणे हा त्यानंतरचा. प्लग काढल्यावर धार आली नाही, म्हणजे पाणी नाही, असे समजू नये. त्या भोकात तार घालून गंज आणि गाळ मोकळा करावा. कृष्णेच्या पाण्यावर चाललेल्या इंजिनांत हे भोक बुजलेले आम्ही नेहमी पाहतो. आपल्याकडे त्याची शिक्षा गंजापुरती असते, तिकडे ब्लॉक जातो. ज्या इंजिनांत आतल्या बाजूला कूलंटचे बंदिस्त चक्र असते, त्यांत केवळ बाहेरच्या पाण्याची बाजू रिकामी करावी लागते.

हंगामाच्या शेवटी नाव वापरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. एकदा द्रव भरून ठेवले, आणि नंतर चार दिवस ऊन पडले म्हणून नाव पुन्हा पाण्यात घातली, की सारा द्रव धुऊन निघतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. अशा काळात प्रत्येक फेरीनंतर प्लग काढून पाणी उतरवणेच स्वस्त आणि खात्रीचे आहे. नाव पाण्यातच बांधलेली असेल, तर तळ्याचे पाणी हवेइतके लवकर थंड होत नसल्यामुळे एखाद्या रात्रीच्या हलक्या गोठणीत इंजिनाला थोडे संरक्षण मिळते. ट्रेलरवर उघड्या वाऱ्यात उभ्या असलेल्या नावेला तेवढेही मिळत नाही. काही जण इंजिनाशेजारी विजेचा हीटर लावून ठेवतात, पण ज्या रात्री वीज जाते, ती रात्र सहसा सर्वांत थंड असते, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नये.

आपल्या भागात कोणी तरीही हा संच मागवला, तर जोडणीकडे लक्ष द्यावे. नळीच्या टोकाचे आटे अमेरिकी बागेच्या नळीच्या मापाचे असतात, आणि आपल्याकडील पाऊण इंची नळाच्या आट्यांशी ते जुळत नाहीत. एक-दोन फेरे बसल्यासारखे वाटतात आणि मग अडकतात. जोर लावल्यास प्लास्टिकचे आटेच कापले जातात. उद्यमबागेतील लेथवर पितळेचा जोडतुकडा करून घेतल्यावर आमचे काम भागले. नमुना म्हणून नळीचे टोक आणि आपल्या नळाची तोटी, दोन्ही सोबत न्यावीत.