स्कायरिम : बुडालेल्या घराण्याचं चालू नाणं

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये अंडं घ्या नाहीतर घर घ्या, पैसे मोजायचे ते सेप्टिममध्ये. टायबर सेप्टिमने टॅमरिएल हा अख्खा खंड एका छत्राखाली आणला, त्याच्या नावाचं हे सोन्याचं नाणं. खेळ घडतो चौथ्या युगाच्या २०१व्या साली, आणि तोवर सेप्टिम घराण्याचा शेवटचा बादशहा जाऊन दोनशे वर्षं झालेली आहेत. गंमत पुढेच आहे. मेल्यावर टायबर सेप्टिमचा टॅलोस नावाचा देव झाला, आणि युद्धात पोळलेल्या साम्राज्याने १७५ साली तह करून त्या देवाची पूजाच बंद करून टाकली. टॅलोससमोर हात जोडले तर थाल्मरवाले, म्हणजे तह लादणाऱ्या एल्फांचे अधिकारी, उचलून नेतात, आणि त्याच टॅलोसचा चेहरा ज्याच्या त्याच्या खिशात! साम्राज्याविरुद्ध बंड करणारा उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक. त्याच्या विंडहेल्म शहरातही सेप्टिमच चालतो. यावर खेळातलं कोणी चकार शब्द काढताना मला तरी आढळलं नाही.

मी बडोद्याची, नाणी जमवते. गायकवाडांचा जुना रुपया हातात घेतला तर हेच दिसतं. जाडजूड, ओबडधोबड तुकडा. ठसा चांदीपेक्षा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं काठाबाहेर गेलेली. फार्सीत दिल्लीचा बादशहा दुसरा अकबर, आणि त्या अक्षरांच्या गर्दीत कुठेतरी एक छोटी तलवार आणि नागरी ‘सा’. तो ‘सा’ म्हणजे दुसरे सयाजीराव. बादशहा १८३७ साली वारला, तरी पुढे गणपतरावांच्या नाण्यांवर ‘ग’च्या शेजारी नाव त्याचंच. दिल्लीचा हुकूम लाल किल्ल्याबाहेर चालत नव्हता, त्यालाही जमाना झाला होता. सत्तावन्नचं सगळं उरकल्यावर कुठे खंडेरावांनी ते नाव काढून ‘सेनाखासखेल शमशेर बहादुर’ हा आपला किताब घातला. मेलेल्या साम्राज्याचं नाव लोक उगीच चालवत नाहीत. सराफ जे नाणं ओळखतो ते चालतं, इतका साधा हिशेब असतो. खेळ बनवणाऱ्या बेथेस्डाच्या मंडळींनी हे ठरवून केलं की आपसूक झालं, देव जाणे, पण झकास जमलंय.

एक तक्रार मात्र आहेच. या नाण्याला वजन नाही. हजारो सेप्टिम घेऊन डोंगर चढा, ओझं शून्य. सुटे नाहीत, चांदी नाही, तांबं नाही. एवढ्या मोठ्या मुलखात एकच नाणं? भाजीवाली काय करत असेल?

खेळ तसा जुना, ११ नोव्हेंबर २०११ला आलेला. मी खेळले ती २०१६ची स्पेशल एडिशन. मारामारी ठीकठाक, तलवार लागली तरी लागल्यासारखी वाटत नाही. ड्रॅगन पहिल्यांदा आला की दचकायला होतं, पुढे पुढे कटकट वाटते. मी रमले ती भग्नावशेषांत.

ड्वेमर नावाची एक जमात होती. दगड आणि पितळेसारखा धातू यांत त्यांनी जमिनीखाली शहरं बांधली आणि एका क्षणी सगळेच्या सगळे नाहीसे झाले. रेड माउंटनच्या लढाईत त्यांच्या काग्रेनाक नावाच्या कारागिराने लोरखान या देवाच्या काळजावर आपली हत्यारं चालवली, एवढंच कळतं. माणसं गेली, यंत्रं मात्र चालू आहेत. नळ्यांतून वाफ फुसफुसते, भिंतीतल्या भोकातून धातूचा कोळी बाहेर पडतो, गोळा उलगडतो आणि त्यातून हत्यारबंद पुतळा उभा राहतो. मार्कार्थ हे शहरच मुळी ड्वेमरांच्या दगडात वसलेलं. लोक त्यांच्याच दगडी ओट्यांवर झोपतात. तिथला काल्सेल्मो हा ड्वेमरांचा मोठा जाणकार. पहिल्या भेटीत अंगावर खेकसतो आणि आपलं म्युझियम कुलपात ठेवतो. असे विद्वान मी पाहिलेत, त्यामुळे मला तो लगेच पटला.

या अवशेषांतले पत्रे आणि खांबांचे तुकडे भट्टीत घातले की त्यांच्या लगडी होतात आणि त्यांतून चिलखत बनतं. हा धातू नव्याने करायची कृती कोणालाच ठाऊक नाही, म्हणून जुनंच वितळवायचं. “मावशी, पत्रे सगळे उचल, भट्टीत टाकू,” भाचा मागून सांगत होता. मी उचलले. चिलखत छान झालं. पण मांडवीच्या बाजूला सराफाच्या काट्यावर गायकवाडी रुपये तोळ्याच्या भावाने मोडीत जाताना मी पाहिलेत. भट्टीची ती खडखड ऐकवेना.

जादूचं म्हणाल तर विंटरहोल्डच्या विद्यालयात आर्निएल गेन नावाचा एक मास्तर आहे. ड्वेमर कसे नाहीसे झाले हे त्याला स्वतः करून बघायचंय. आधी तुमच्याकडून दहा ड्वेमर चाकं मागवतो, मग एक स्फटिक, आणि शेवटी काग्रेनाकच्या हत्यारांपैकी कीनिंग नावाची मूळ कट्यार. ती उगारून त्या स्फटिकावर घाव घालत राहतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. कट्यार खाली पडलेली. पुढे त्याची छाया मंत्राने बोलावता येते, तीही तुमच्या बाजूने लढायला. भाच्याला ही मोहीम रटाळ वाटली, कारण मधे मधे दिवसचे दिवस थांबावं लागतं. मला अख्ख्या खेळात हीच सगळ्यात आवडली.

नॉर्ड लोकांच्या थडग्यांत मात्र गडबड आहे. ही थडगी सेप्टिम घराण्याच्या कितीतरी आधीची, आणि आतल्या मडक्यांत नाणी निघतात ती सेप्टिमच! उत्खननात असं नाणं निघालं असतं तर थराचा काळच बदलावा लागला असता. मेणबत्त्या कोण लावून जातं तेही विचारू नका. दारं उघडायला ड्रॅगनच्या पंजाच्या आकाराची किल्ली लागते आणि दारावर जुळवायच्या प्राण्यांच्या चित्रांचा क्रम त्या पंज्याच्या तळव्यावरच कोरलेला. किल्लीवरच कुलपाचं उत्तर!

पण त्याच थडग्यांच्या शेवटी शिलालेखाची भिंत असते आणि तिथे मी सगळं माफ केलं. ड्रॅगनच्या नखांनी ओरबाडल्यासारखी ३४ चिन्हांची लिपी, तिला स्वतःची भाषा आणि व्याकरण. त्यातला एक शब्द उजळतो आणि तुमच्या अंगात शिरतो. मग तो ओरडून समोरच्याला उडवता येतं किंवा आग ओकता येते. बाकीची ओळ काय सांगते ते बघायच्या फंदात खेळणारे पडत नाहीत. लिपीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, तो घेऊन मी काही भिंतींचा अर्थ लावला. बऱ्याच ठिकाणी मजकूर साधा निघतो : अमक्याने अमक्याच्या आठवणीसाठी हा दगड उभा केला. आपल्याकडे गुजरातेत गावाच्या वेशीवर पाळिये, म्हणजे वीरांच्या आठवणीचे दगड असतात, तसेच.

मराठी किंवा हिंदी भाषांतर नाही, इंग्रजी वाचावं लागतं आणि भरपूर वाचावं लागतं. वाचायचा कंटाळा असेल तर निम्मा खेळ वाया जाईल. सेलची वाट बघून स्पेशल एडिशन घ्या, मुख्य कथेची घाई करू नका, विंटरहोल्ड लवकर गाठा. आणि ड्वेमर पत्रे वितळवण्याआधी एकेक नमुना घरातल्या कपाटात ठेवा. माझं कपाट भरलंय, आता भाचा दुसरं घर घ्या म्हणतोय.